वडिलांची १२१० अकरा वर्षं वावरात उभी आहे, परत रोडवर काढू का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुमच्या वडिलांची, अण्णांची, १९८३ ची टाटा १२१० एसई निफाडकडच्या वावरात अकरा वर्षं उभी आहे. अण्णा चौऱ्याहत्तरचे, गुडघे गेलेत, तरी रोज संध्याकाळी काठी टेकत जाऊन केबिनमध्ये अर्धा तास बसतात. तुम्ही पुण्याला नोकरीत. तुमचा बेत असा की गाडी गुपचूप गॅरेजला न्यायची, रंगवून नवी करकरीत करून आणायची, अण्णांना सरप्राइज द्यायचं आणि त्यांना शेजारी बसवून आग्रा रोडने मध्य प्रदेशातल्या सेंधव्यापर्यंत एक चक्कर मारून यायची. तर खर्च किती, कागदपत्रांचं काय, अण्णा सांगतात तशी ती लाइफ खरंच तेवढी भारी होती का, आणि मागची 'हॉर्न ओके प्लीज'ची पाटी ठेवायची की काढायची.

मी १९७८ ला सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, ८३ ला स्टेरिंग हातात आलं, २००४ ला खाली उतरलो आणि तेव्हापासून आडगावच्या बाजूला गॅरेज चालवतो. १२१० च्या आतला एकूण एक बोल्ट या हातांनी कधी ना कधी खोललाय म्हटलं तरी चालेल. त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून. तुमची गाडी मी बघितलेली नाही, आणि अर्धी उत्तरं त्यावरच आहेत. चालू हालतीत उभी केली होती का बिघडली म्हणून उभी केली, वर शेड होती का नुसती ताडपत्री, एक्झॉस्टच्या पायपातून पावसाचं पाणी आत गेलं का, टॅक्स भरलाय का. एवढं कळलं तरी मी फोनवर निम्मं सांगू शकेन.

पण आधी हे ठरवा की गाडी रोडसाठी सुरू करायचीय की अण्णांसाठी. ही दोन वेगळी कामं आहेत, खर्चही वेगळा आणि डोकेदुखीही वेगळी. तुमचं लिहिलेलं वाचून मला तरी वाटतं की तुम्हाला अण्णांसाठी करायचीय आणि बजेट तुम्ही रोडचं विचारताय.

आणि सरप्राइज तर अजिबात नको. का ते सांगतो, माझ्याच हातून झालेली चूक आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एक पोरगा असाच आला होता, वडिलांची जुनी गाडी, वडिलांना पत्ता लागू न देता करायचीय. आम्ही केली, मन लावून केली. केबिन त्या काळातल्या सगळ्या गाड्यांसारखीच बॉडीवाल्याने बांधलेली (तेव्हा कंपनीतून चेसिस आणि पुढचा चेहरा एवढंच यायचं, बाकी केबिन आणि हौदा इथं सुतार-लोहार बांधायचे), लाकूड बऱ्यापैकी टिकलेलं, आतून छताला हार्डबोर्ड ठोकलेला. त्या हार्डबोर्डवर बॉलपेनने काहीबाही खरडलेलं होतं. पेंटरने घासलं, पुट्टी मारली, वरून पांढरा ऑइलपेंट, एकदम आरशासारखं छत. म्हातारबाबा आले, चढले, सीटवर बसले आणि पहिलं वर बघितलं. म्हणाले, इथं माझं लिहिलेलं होतं. बस, एवढंच. नंतर गाडी छान झाली म्हणाले, चहा घेतला, गेले.

मी मागाहून पोराला विचारलं काय लिहिलेलं होतं, तर त्यालाही नीट माहीत नव्हतं. मला थोडं आठवतं, कारण मी ते बघून सोडून दिलं होतं. किलोमीटरचा मीटर बंद म्हणून ऑइल बदललं की पुढं इंदूरच्या फेऱ्यांच्या उभ्या रेघा, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मागचं डावीकडचं आतलं टायर कोणत्या तारखेला टाकलं. दोन-तीन ठिकाणी नुसते आकडे, बहुतेक ट्रंककॉलचे नंबर. वीसेक वर्षांचा हिशोब होता तो आणि आम्ही त्याला मळ समजलो.

म्हणून तुमचं पहिलं काम पान्याला हात लावायच्या आधीचं. पुढच्या रविवारी गावी जा, मोबाइलने केबिनचा इंच न् इंच फोटो काढा, छत, दरवाज्यांची आतली बाजू, सीटखालचा टूलचा खण, काचेवरचे स्टिकर, गिअरच्या दांड्याची मूठ. अण्णांना शेजारी बसवून एकेक गोष्ट विचारा आणि फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. याला खर्च शून्य.

आता इंजिन. १२१० म्हणजे १२ टनाची गाडी आणि साधारण १०० हॉर्सपॉवर, टाटाच्या जुन्या नंबरांचा हिशोबच तो, १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० च्या आसपास. सगळा वंश मर्सिडीजचा. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, १९५४ ला डेमलर-बेंझशी करार केला, तो १९६९ ला संपला, तोपर्यंत जाळीवर तीन पाकळ्यांचा तारा असायचा. माझे वस्ताद शेवटपर्यंत टाटाला बेंझच म्हणायचे. सांगायचा मुद्दा असा की या सहा सिलिंडरच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, डिझेल, हवा आणि दाब मिळाला की ते सुरू होणारच. पण म्हणून बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका, म्हणजे स्टार्टर फिरवू नका. उभ्या गाड्यांचं सगळ्यात जास्त वाटोळं त्या पहिल्या सेल्फमध्ये होतं.

मी काय करतो ते सांगतो. सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढायचे. प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडायचं आणि दोन-तीन दिवस गाडीला हातच लावायचा नाही, रिंगा लायनरला चिकटलेल्या असतात त्या सुटायला वेळ लागतो. तेवढ्यात टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकी धुवायची (तळाला काळी मळी आणि पाणी निघतं, बघून किळस येईल), डिझेल फिल्टर नवे, ऑइल नवं, एअर क्लीनर खोलून बघायचा. वावरातली गाडी आहे, उंदराचं घर निघालं तर नवल नाही. मग टॅपेटचं झाकण काढून इंजिन हाताने फिरवायचं, फ्लायव्हीलला किंवा पुढच्या पुलीला टामी (लोखंडी कांब) लावून, आणि पुरे दोन फेरे द्यायचे, कारण चार स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने वर वाकून बघायचं की बाराही व्हॉल्व्ह खाली-वर होतायत का. एखादा अडकलेला असला आणि तुम्ही तसाच सेल्फ मारला की पुशरॉड वाकलाच म्हणून समजा.

नोझल आणि पंप डिझेल पंपवाल्याकडे तपासायला द्यायचे. याबाबतीत नाशिककरांचं नशीब चांगलं, अर्ध्या देशाच्या गाड्यांत जे मायकोचे नोझल बसायचे ते आपल्या सातपूरला बनायचे, त्या कारखान्यावरून चौकाला मायको सर्कल नाव पडलं, आणि पंपाचं काम जाणणारे हात या शहरात अजून आहेत. पंपाचं एवढं मनावर घ्या. वर्षानुवर्षं उभ्या पंपात आतला रॅक, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी दांडी, चिकटतो. तो डिझेल जास्त सोडायच्या जागी चिकटला असेल तर इंजिन सुरू झाल्याझाल्या पिसाळतं, ॲक्सिलेटर सोडला तरी आरपीएम चढतच जातात, आणि स्टॉपची वायरही त्याच रॅकला ओढते त्यामुळे तीही कामाची राहत नाही. पहिल्यांदा सुरू करताना मी हवेच्या तोंडापाशी जाड फळी घेऊन माणूस उभा करतो. पिसाळलं की फळी दाबायची, हवा तुटली की इंजिन मेलं. हाताने किंवा फडक्याने हा प्रकार करायचा नाही, इंजिन फडकं ओढून घेतं आणि हातही.

हे सगळं झालं की हँडपंप मारून लाइनमधली एअर काढायची, फेस थांबून सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू घट्ट. मग स्टॉप ओढून धरून सेल्फ द्यायचा, ऑइलचा काटा हलला की मगच स्टॉप सोडायचा. पांढऱ्या धुराचे दोन-चार लोट निघतील, एखादं सिलिंडर उशिरा जागं होईल, होऊ द्या.

खर्चाचं म्हणाल तर इंजिन मोकळं फिरलं तर एवढं सगळं साधारण तीस-चाळीस हजारांत बसतं. जाम निघालं आणि लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग करून इंजिन बांधायची वेळ आली तर दीड-दोन लाख धरा. हा माझ्या गॅरेजचा अंदाज आहे, तुमच्याकडे कमी-जास्त होईल. पार्टची काळजी नको, या इंजिनाचे पार्ट अजून मिळतात.

रोडवर काढायची म्हटली की वेगळंच पुस्तक उघडतं. सहा टायर आणि स्टेपनी, ९००-२० ची, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी बाजू तडकलेल्या असतात, सगळी फेकायची. चाकाच्या जुन्या डिस्कला टायर धरून ठेवणारी रिंग असते, तिला गंज लागलेला असेल तर हवा भरताना ती रिंग उडते आणि समोरच्याचं डोकं घेऊन जाते, मी हे बघितलेलं आहे, त्यामुळे हवा पिंजऱ्यातच भरायची. पाटे, किंगपीन, स्टेरिंग बॉक्स, क्लचप्लेट, ब्रेकचे सगळे सिलिंडर आणि वायसर. शिवाय चेसिसला कुठं तडा आहे का, कुणी वेल्डिंग मारून ठेवलंय का. कांद्याच्या गाड्या कागदावरच्या वजनाने कधी चालल्या नाहीत हे अण्णाही कबूल करतील.

आणि ब्रेक. तुम्ही सेंधव्यापर्यंत म्हणताय, म्हणजे पळासनेरच्या पुढे बिजासन घाट. जाताना चढ आहे, बावीसच्या स्पीडने कण्हत जाल. प्रश्न परतीचा. जुन्या गाडीला ऑइल ब्रेक, आताच्यासारखा फुल एअर ब्रेक नाही, एक्झॉस्ट ब्रेक नाही. उतारावर ब्रेक धरून ठेवला की ड्रम तापतो, ड्रमची उष्णता सिलिंडरमधल्या ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि वाफ दाबली जाते म्हणून पायाखालचा पेडल नुसता खाली जातो, गाडी तशीच. म्हणून आम्हाला शिकवलेलं की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाने गाडी धरायची, पायाने नुसतं मधून मधून दाबून सोडायचं. ८५ ला कसारा घाटात मी ही अक्कल शिकलो. इगतपुरीला घाटनदेवीला नारळ फोडला, खाली निघालो, मागे दहा टन कांदा, दुसऱ्या गिअरमध्ये कंटाळा आला म्हणून तिसरा टाकला. चार वळणांनंतर रबर जळाल्याचा वास, आणि पाचव्या वळणाला पेडल मऊ. वस्ताद बाजूला झोपलेले, वासानेच उठले. ओरडले नाहीत. माझ्या डाव्या हातावर हात ठेवून, इंजिन रेस करून, डबल क्लच मारून दुसरा घातला, गिअरबॉक्स असा किंचाळला की अजून कानात आहे. गाडी धरली. खाली आल्यावर त्यांनी मला टपावर बसवलं आणि कल्याणपर्यंत स्वतः चालवली.

तुम्ही पुण्यात ऑटोमॅटिक कार चालवत असाल तर हा डबल क्लच एका रविवारात यायचा नाही. आणि अण्णांच्या गुडघ्याला आता तो क्लच झेपायचा नाही. (विचारून बघा, डावा गुडघा आधी गेला का. बहुतेक ड्रायव्हरांचा डावाच आधी जातो. प्रत्येक गिअरला दोनदा क्लच, वीस-पंचवीस वर्षं.)

कागदांचं थोडक्यात. नंबरप्लेट नाशिकच्या एमएच १५ च्या आधीची तीन अक्षरी असणार, अशा बऱ्याच गाड्यांची नोंद जुन्या रजिस्टरमध्ये आहे, कॉम्प्युटरवर नाही, तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. गाडी उभी करताना नॉन-यूजचा (गाडी वापरात नाही असा) अर्ज दिला नसेल तर टॅक्स व्याजासकट चढत गेलेला असेल. पासिंगशिवाय, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटशिवाय, गाडी रोडवर आणता येत नाही आणि पंधरा वर्षांवरच्या जड गाड्यांची फिटनेस फी २०२२ पासून खूप वाढवलीय. कोणीतरी तुम्हाला सांगेल की व्हिंटेजमध्ये टाका. २०२१ चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहे, मालट्रक त्यात बसत नाही, आणि तुमची गाडी पन्नाशीचीही नाही. उलट घाबरायचंही कारण नाही, नुसत्या वयावरून आपल्याकडे कोणी गाडी ओढून नेत नाही, वावरात उभी आहे तोवर उभी राहू द्या. फक्त कधी मोडीत काढायची वेळ आलीच तर आरसी रद्द करून मगच द्या, नाहीतर चेसिस नंबर दुसरीकडेच फिरत राहतो.

तर आत्तापर्यंत काय ठरलं, आधी फोटो, मग अण्णांच्या देखरेखीखाली इंजिन सुरू, वर पत्र्याची शेड, पाहिजे तर वावराच्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये एक फेरी, आणि रंगाचं नाव नको. आग्रा रोडवर नको.

सेंधव्याला मात्र जरूर जा. तुमच्या कारने. द्वारका, ओझर, पिंपळगाव, चांदवडला रेणुका देवी, मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेर आणि वर बिजासनी मातेचं देऊळ. अण्णा पुढं बसतील. यात एक व्यवहाराची गोष्ट आहे जी तुमच्या लक्षात आली नसेल. १२१० एसईमध्ये निम्मं इंजिन केबिनमध्येच असतं, तुमच्या आणि अण्णांच्या मध्ये, आणि ते चालू असताना एकमेकांचं एक अक्षर ऐकू येत नाही. आम्ही क्लीनरशी खुणांनीच बोलायचो. कारमध्ये निदान ते बोलतील आणि तुम्हाला ऐकू येईल. आता तो सगळा रस्ता चौपदरी झालाय, बरेचसे जुने ढाबे बायपासमुळे आत राहिले नाहीतर उठले, तेव्हा थांबायचं कुठं ते त्यांना ठरवू द्या, आणि नुसत्या एखाद्या चिंचेच्या झाडाखाली थांबा म्हणाले तरी थांबा.

आता लाइफ. खरंच भारी होती का?

होती, आणि नव्हती. मी दोन्ही सांगतो, तुमचे अण्णा एकच बाजू सांगत असतील, मीही नातवंडांना एकच सांगतो.

लासलगावहून कांदा भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीत, बाराशे-तेराशे किलोमीटर. दोन ड्रायव्हर असले तर तीन-चार दिवस. कांद्याला हवा लागते म्हणून ताडपत्री घट्ट बांधायची नाही, बाजू मोकळ्या ठेवायच्या, पण पाऊस आला की पाच मिनिटांत बांधायची, म्हणजे क्लीनर चालत्या गाडीत टपावरून मागे हौद्यावर जायचा. मी गेलोय. आज माझ्या पोराला तसं करताना बघितलं तर कानफटात मारीन. मे महिन्यात इंजिनाच्या धगीने डावा पाय भाजून निघायचा, जानेवारीत शिवपुरीच्या पुढं तीच धग आईसारखी वाटायची, भाकरी फडक्यात बांधून बॉनेटवर ठेवली की गरम राहायची. मुरैना ते धोलपूर, चंबळचा पट्टा, रात्री एकट्याने गाडी काढायची नाही, चार-पाच गाड्या जमल्या की मग निघायचं. जकात नाक्यांवर रांगेत तासन् तास. आग्र्याला बटाट्याचं परतीचं भाडं मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या ओसरीवर दोन-तीन दिवस, नळावर आंघोळ, बाजेवर झोप, डास.

आणि झोप. झोपेचं कोणी सांगत नाही. द्राक्षाची गाडी असली तर माल थांबत नाही म्हणून माणूसही थांबत नाही. काही जण जागायला डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, घ्यायचे, त्यांचे पुढं काय हाल झाले ते मी बघितलेत. माझ्याबरोबर लागलेले तिघं आज नाहीत, दोघं रोडवर गेले. हे गोष्टीत येत नाही.

माझ्या बायकोला जुन्या गाडीचं अजिबात कौतुक नाही. तिला विचाराल तर ती सांगेल की धाकटी झाली तेव्हा हे ग्वाल्हेरला होते आणि निरोप पाच दिवसांनी पोचला, आणि घरी आले की मी कपडे बाहेरच काढायला लावायचे कारण डिझेल आणि कांद्याचा वास उशांना लागला की महिना जात नाही. तुमच्या आईंनाही एकदा वेगळं बसवून विचारा. गाडीची खरी किंमत त्यांनी मोजलीय.

मग भारी काय होतं? मला विचाराल तर एक रात्र सांगतो. राहुड घाटात, ८८ चा पावसाळा, गाडीने एअर घेतली आणि बंद पडली. डिझेलची नळी कुठंतरी पिचली होती आणि सापडेना. क्लीनर पोरगं टॉर्च दातात धरून वाकलेलं, वरून धार लागलेली. मागून एक लेलँड आली, थांबली. सरदारजी उतरले, ओळख ना पाळख, काही न विचारता बाही वर करून नळीवरून बोट फिरवत गेले, दिव्याशिवाय, आणि एका जागी थांबले. बोटालाच लागलं त्यांच्या. स्वतःच्या डब्यातून तांब्याचा वायसर काढला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, वरून वायर, हँडपंप मारला, सुरू. पैसे विचारले तर हसले. पुढं कोणाची उभी दिसली तर थांब म्हणाले, पंजाबीत, मला तेवढंच कळलं. पंधरा मिनिटांचं काम.

लोक म्हणतात तेव्हा माणसं चांगली होती. मला तसं वाटत नाही. तेव्हा मोबाइल नव्हता, कंपनीची सर्व्हिस व्हॅन नव्हती, टोचन करायला क्रेन यायची नाही, आणि गाड्या सगळ्यांच्या सारख्याच बिघडायच्या. आज मी थांबलो नाही तर उद्या माझ्यासाठी कोण थांबेल, एवढा साधा हिशोब. आताच्या पोरांच्या गाडीला सेन्सर आहेत, बिघाड लॅपटॉप सांगतो, त्याने थांबून करायचं काय? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, आणि मी म्हणतो तीस वर्षं उशीर झाला. जीपीएसवरून मालक विचारतो अमुक ढाब्यावर चाळीस मिनिटं का थांबलास, हा जाच मात्र आम्हाला नव्हता. एकदा चांदवड ओलांडलं की गाडी आमची, रस्ता आमचा, कोणाचा बाप विचारणार नाही. अण्णा रोज संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन बसतात ते बहुतेक यासाठी. पण हा माझा अंदाज, मी कोण सांगणार, एखाद वेळेस घरात टीव्हीचा आवाज मोठा असेल.

सुरू करायच्या दिवशी स्टॉपची वायर अण्णांच्या हातात द्या. ते वर सीटवर, तुम्ही खाली, फळी घेऊन. पहिल्या आवाजावरून ते सांगतील कोणतं सिलिंडर मारत नाहीये, त्यांचं ऐका, मेकॅनिकचं नंतर.

राहिली पाटी. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी घातली, पोरं उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. पण तुमची गाडी शेडमध्ये उभी राहणार, मागून हॉर्न मारायला येणार कोण, बैलगाडी? फाळक्यावरचं, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवरचं, एक अक्षर खरवडू नका. त्यावरून रंगही मारू नका. फाळक्याची कडी गंजून जाम झाली असेल, तिला जुनं इंजिन ऑइल लावून आठवडाभर ठेवा आणि हातोडा मारू नका, पिन तुटते. आणि नोझल घेऊन माझ्याकडे यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत या, नंतर मी ट्रायलला बाहेर असतो.